शिष्यवृत्ती मिळाली, आता कॅम्पला पाठवायचं का?

कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची तारीख लागली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सात दिवस पोरगी गावात जाऊन राहणार, अभ्यास बुडणार. त्यात शिष्यवृत्ती अडकली तर?" घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलंच लेकरू असेल तर ही धास्ती दुप्पट असते. सोलापुरात तर कितीतरी घरांत आईनं हजार विड्या वळल्यावर दिवसाची मजुरी हातात येते. त्या घरानं शिष्यवृत्तीला जपणं मला पूर्ण समजतं. तरीही माझं उत्तर ठाम आहे: पाठवा.

आधी भीतीचं बघू. शिष्यवृत्ती शिबिरामुळे सहसा जात नाही. ती अडकते नूतनीकरणाचा अर्ज वेळेत न भरल्यानं, उत्पन्नाचा दाखला जुना झाल्यानं, बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यानं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. इयत्तेप्रमाणे वर्षाला 1,000 ते 25,000 रुपये मिळतात आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटीवर आहेत. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. या अर्जांच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शिबिराच्या दिवसांची हजेरी कशी धरली जाणार, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा. बस, एवढी काळजी पुरे.

आता वेळेचा हिशेब. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर पूर्ण करायचं. आठवड्याला सरासरी अडीच तासही होत नाहीत. मोबाइलवर याहून कितीतरी जास्त वेळ जातो, हे पालकांनाही ठाऊक आहे.

या तासांत मुलांना काय मिळतं, ते आषाढीला पंढरपुरात वारकऱ्यांच्या मदतीला उभे असलेले स्वयंसेवक पाहिले की दिसतं. एखादी म्हातारी वारकरी दिंडीपासून चुकते आणि घाबरून रडायला लागते. नवखा पोरगा तिला विचारतो, "आजी, गाव कुठलं?" गाव कळून काहीच उपयोग होत नाही. वर्षभर या कामात मुरलेला स्वयंसेवक विचारतो, "माउली, दिंडी कितवी? रथापुढची की रथामागची?" कारण पालखीबरोबरच्या दिंड्या क्रमांकानं ओळखल्या जातात. तो आकडा सापडला की '65 एकर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वारकरी तळावरच्या तिच्या दिंडीच्या तंबूपर्यंत तिला पोचवता येतं. समोरच्याला काय ठाऊक आहे ते ओळखून प्रश्न विचारायचा, हे कौशल्य डॉक्टरला लागतं, तलाठ्याला लागतं, बँकेच्या काउंटरवरही लागतं.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. विडी कामगारांच्या वस्तीत विद्यार्थ्यांचं आरोग्य सर्वेक्षण चाललं होतं. बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, हात थांबत नव्हते, उत्तरं तुटक मिळत होती. गटात एक शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी होती. आपली आई विड्या वळते हे तिनं वर्गात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती सरळ त्या बाईशेजारी जमिनीवर बसली, सुपातली पानं कातरीनं कापायला लागली आणि तेलुगूत बोलायला लागली. तंबाखूच्या धुळीनं लागणारा दम, वाकून दुखणारी मान, सगळं बाहेर आलं. त्या दिवसानंतर ती मुलगी गटाची म्होरकी झाली. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषांच्या या शहरात जे आपल्याला कमीपणाचं वाटतं, तेच कामाला येतं, हे तिला तिथं कळलं. वर्गात बसून तिला ते कळलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. तिथं ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलले. 1942 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. एवढा त्याग कुणी मुलांकडे मागत नाही. पण माणसाच्या भाषेपर्यंत जायची तयारी त्यांच्याकडून जरूर शिकावी.

कॉलेजातल्या 'कमवा आणि शिका' योजनेबद्दलही पालकांचा गैरसमज दूर व्हायला हवा. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा बागेत काम करून मुलगा चार पैसे मिळवतो, यात लाज कसली? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर.

सेवा योजनेच्या कामातून ज्यांना दिशा सापडते, त्यांच्यासाठी वाटा जवळच आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं संकुल सोलापूरहून साधारण 45 किलोमीटरवर आहे. ग्रामीण विकासाचं शिक्षण घ्यायला मुंबईलाच जावं लागतं असं नाही. नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य, शिक्षक पेशा, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे हा अनुभव उपयोगी पडतो. मात्र मुलाखतीत "मला समाजसेवेची आवड आहे" एवढंच म्हणून भागत नाही. किती घरं पाहिली, काय विचारलं, कुठं अडलं, मग काय बदललं, ते सांगता यायला हवं. म्हणून मुलांना एक साधी वही करायला सांगा आणि शिबिरात रोज रात्री दहा ओळी लिहायला लावा.

सगळीच शिबिरं चांगली नसतात. झाडू हातात धरून फोटो काढले की जिथं काम संपतं, तिथं मूल काहीच शिकत नाही. मुक्काम कुठं आहे, मुलींबरोबर महिला प्राध्यापक आहेत का, आजारी पडल्यास दवाखाना किती लांब आहे, हे बेधडक विचारा. चांगला कार्यक्रम अधिकारी अशा प्रश्नांनी चिडत नाही.

आणि नोंदणी पहिल्याच वर्षी करा. दुसरं वर्ष संपत आल्यावर धावपळ केली तर तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासात 240 तास बसवताना मुलांची फार ओढाताण होते.