मनाशी बोलायची दहा मिनिटं

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. 1608 साली रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म इथे झाला. समर्थांचं लहानपणचं नाव नारायण. लहानगा नारायण घरात दिसेना म्हणून आई राणूबाईंनी शोधाशोध केली, तेव्हा तो एका अंधाऱ्या कोपऱ्यात एकटाच बसलेला सापडला आणि 'विश्वाची चिंता करतोय' असं म्हणाला, ही आख्यायिका मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. पुढे याच माणसाने मनाला हाक मारून 205 श्लोक रचले. ते श्लोक आपल्याकडे पाठ करून घेतात, स्पर्धा भरवतात, बक्षिसं देतात. पण रोज थोडा वेळ एकट्याने बसून मनाशी बोलायचं, ही मूळ गोष्ट मागे पडली. ती पुन्हा कशी सुरू करायची, त्याची ही कृती आहे.

अडचण वेळेची आहे आणि ती खरी आहे. दिवसभर कापूस वेचून, घरी येऊन भाकरी थापणाऱ्या बाईला 'पहाटे चारला उठून ध्यान कर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून पहिली पायरी अशी: नवीन वेळ काढायला जाऊ नका. दिवसात आधीच पडलेली एखादी फट हेरा आणि तीच धरा.

अशी फट जवळजवळ प्रत्येकाला असते. रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला पाणी देताना रात्रीची लाईट आली की शेतकरी दारं धरायला जातो. वाफा भरेपर्यंत उभं राहायचं, भरला की फावड्याने माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. दोन दारांच्या मधला तो वेळ कुणाच्याच कामाचा नसतो. आजूबाजूला अंधार, पाण्याचा आवाज, जवळ बॅटरी आणि काठी. आजकाल तिथेही मोबाईलवर व्हिडिओ चालू असतात आणि पाणी बांध ओलांडून गेलं तरी कळत नाही. हा वेळ मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण हात मोकळे असतात आणि दुसरीकडे कुठे जाता येत नाही. सळईच्या कारखान्यात पाळीवर असणाऱ्याला पाळी सुटल्यावर गाडीला किक मारण्याआधीची काही मिनिटं मिळतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला रोज रेल्वेने जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे तर तासाभराचा प्रवास असतो. किराणा दुकानदाराने शटर अर्धं ओढून घ्यावं आणि गल्ल्यावरच बसावं.

फट निवडताना तीन गोष्टी तपासा. ती रोज साधारण त्याच वेळी यावी. त्या वेळात डोक्याला ताण देणारं काम नसावं. आणि दहा मिनिटं तुम्हाला कुणी हाक मारू नये.

ही तिसरी अट बायकांच्या बाबतीत मोडते. बाई नुसती बसलेली दिसली की घराला तिच्यासाठी काम सुचतं. कुणाला पाणी हवं असतं, कुणाला चार्जर सापडत नाही. म्हणून इथे कृतीची एक पायरी घरातल्या बाकीच्यांनी करायची आहे. रात्रीची भांडी झाली की दहा मिनिटं आईला हाक मारायची नाही, हे जेवताना सगळ्यांसमोर ठरवा. सासूबाईंनाही तेवढाच वेळ द्या, त्यांनीही आयुष्यभर कधी घेतलेला नसतो. लहान मूल असेल तर तेवढा वेळ त्याच्या बापाने ते कडेवर घ्यावं. हे ठरल्याशिवाय पुढच्या पायऱ्या वाचून उपयोग नाही.

आता मोबाईल. तो बंद करू नका, शेतावर किंवा पाळीवर असताना तो लागतो. पालथा घालून हाताच्या अंतरापलीकडे ठेवा. पहिले काही दिवस हात आपोआप तिकडे जाईल. त्यात तुमचा दोष नाही, माणसाला स्वतःच्या विचारांबरोबर बसणं मुळातच जड जातं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. सोबत फक्त विजेचा सौम्य धक्का देणारं बटण ठेवलं. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी ते बटण स्वतःवर एकदा तरी दाबून पाहिलं. तेव्हा सुरुवातीला दहा मिनिटं जमत नसतील तर पाच बसा.

बसल्यावर काय करायचं, ही कृतीतली सगळ्यांत नाजूक जागा. सगळा दिवस आठवू नका, एकच प्रसंग घ्या. समजा, मोंढ्यात सोयाबीनला धरला होता तेवढा भाव मिळाला नाही. ओलावा जास्त म्हणून आणखी कटती लागली. घरी आलात, पोराने वहीसाठी पैसे मागितले आणि तुम्ही त्याच्यावर खेकसलात. आता स्वतःला क्रमाने विचारा: काय घडलं? त्या वेळी अंगात काय जाणवलं? मी काय केलं? आता काय करता येईल? 'मीच असा का?', 'माझ्याच नशिबात हे का?' हे प्रश्न या दहा मिनिटांत घेऊ नका. त्यांना उत्तर सापडत नाही, मन त्याच त्या गोष्टीभोवती घुटमळतं आणि उठताना माणूस बसला त्याहून खचलेला असतो. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अशा घुटमळण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याने उदासी लांबते आणि वाढते, असं त्यांना दिसलं. 'काय'ने सुरू होणारा प्रश्न माणसाला प्रसंगाशी बांधून ठेवतो. वरच्या उदाहरणात अंगात काय जाणवलं याचं उत्तर बहुधा 'लाज' असं येईल. ते एकदा सापडलं की पोराचा त्यात काही संबंध नव्हता हे आपोआप दिसतं.

प्रश्न विचारताना स्वतःला 'तू' म्हणा, घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने. 'बापू, तू आज पोरावर ओरडलास. काय झालं होतं?' समर्थांनी मनाला समोर बसवून सांगितलं, तीच ही रीत. तिला आता प्रयोगांचाही आधार आहे. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगाआधी 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोललेल्या लोकांची घालमेल कमी झाली. मित्राला सल्ला देताना आपण जितके समजूतदार असतो, तितके स्वतःशी नसतो. नावाने हाक मारली की तो समजूतदारपणा थोडा तरी आपल्याही वाट्याला येतो.

मग तीन ओळी लिहा. तारीख, प्रसंग, आणि उद्या करायचं एक काम. मोंढ्यातल्या आडतीच्या दुकानात रोजमेळ जुळल्याशिवाय मुनीम उठत नाही, तशी ही वही त्याच दिवशी लिहायची. साधी शंभर पानी पुरते. भाषा सुधारू नका. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातलं जड ओझं कागदावर उतरवायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. ज्यांना लिहिता येत नाही किंवा वही कुणी वाचेल अशी भीती वाटते, त्यांनी त्याच तीन ओळी ओठांत म्हणाव्यात. लिहून लगेच पान फाडून चुलीत टाकलं तरी चालतं.

उद्याचं काम मात्र लहान असावं. 'राग सोडणार' हे काम नाही. 'सकाळी शाळेत जायच्या आधी त्याला वही आणून देणार' हे काम आहे. दुसऱ्या दिवशी बसल्यावर आधी ते झालं का पाहा. झालं नसेल तर तेच पुन्हा लिहा, नवीन जोडू नका.

आठवड्यातून एकदा मागची पानं चाळा. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस ठरवून ठेवला तर विसर पडत नाही. एकच नाव, एकच भांडण किंवा एकच खर्च पुन:पुन्हा लिहिलेला दिसला, तर त्याबद्दल घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोला. पेरणीच्या धावपळीत, लग्नसराईत खाडे पडतील. पडू द्या, पुन्हा त्याच वेळेला बसा.

एक गोष्ट आपल्या भागात सांगणं गरजेचं आहे. पाऊस दगा देतो, कर्ज डोक्यावर असतं, आणि एकट्याने बसलं की काही जणांना फार काळे विचार येतात. दोन आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा जीव नकोसा वाटला, तर ही कृती थांबवा. तिथे वही पुरत नाही, माणूस लागतो. सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर टेली-मानसच्या 14416 या नंबरवर फोन करा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा, स्वतःसाठी आणि शेजाऱ्यासाठीही.