नर्सिंग आपल्याला जमेल का, हे वॉर्डातच कसं ओळखायचं

जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंटचा) कोर्स करून किंवा कुणाच्या ओळखीने रुग्णालयात सहायक म्हणून लागलेल्या बहुतेक मुलामुलींना पहिल्या एक-दोन महिन्यांत वाटून जातं, की हे आपलं काम नव्हे. पुढे नर्सिंगला जायचं म्हणून, आधी हात बसावा या हेतूने ज्यांनी ही नोकरी धरली, त्यांना तर ते जास्तच लागतं. घरी सांगायची सोय नसते, कारण घरच्यांनी ‘पोरगी सिस्टर होणार’ असं चार जणांना सांगून टाकलेलं असतं. इन्चार्ज सिस्टर म्हणून अशी बरीच मुलं माझ्या हाताखालून गेली. त्यांना मी एकच सांगत आले: शंका आली म्हणून लगेच नोकरी सोडू नका, आणि ती दाबूनही टाकू नका. ती नेमकी कशाची आहे, हे आधी शोधा.

त्यासाठी एक छोटी वही करा. ड्यूटी संपली की घरी जाण्यापूर्वी दोन ओळी लिहा: आज काय नको वाटलं आणि काय पुन्हा करायला आवडेल. पेशंटचं नाव लिहू नका. महिनाभराने वाचलीत की दिसेल, तुमचा त्रास बहुधा तीनपैकी एका गोष्टीचा आहे. किळस, भीती, नाहीतर मिळणारी वागणूक. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्यांची गल्लत करू नका. आणि नाइट करून आल्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. झोप झाल्यावर घ्या.

किळस बहुतेकांची ओसरते, पण ती आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसू नये. कामाला क्रम लावला की ती लवकर कमी होते. डायपर बदलायला जाताना ग्लोव्ह्ज, कोमट पाणी, पुसायचे कपडे, नवा डायपर, ड्रॉशीट आणि कचऱ्याची पिशवी आधीच कॉटजवळ आणून ठेवा. अर्ध्यातून सामान आणायला धावलं की वास, घाई आणि लाज सगळंच वाढतं. पडदा ओढा. ‘आजी, आता कूस बदलते हं,’ असं सांगून मगच हात लावा. तुम्हाला जेवढं अवघड वाटतंय त्याहून अधिक त्या बाईला वाटत असतं, हे एकदा कळलं की लक्ष आपल्या नाकावरून तिच्या चेहऱ्याकडे जातं.

भीती मात्र शिकूनच जाते. पहिल्याच आठवड्यात हात धुण्याची पद्धत पक्की करा: साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३० सेकंद, पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतरही. कचऱ्याचे रंग पाठ करा. रक्त लागलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाइनचे सेट, युरोबॅग आणि ग्लोव्ह्ज लालमध्ये, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. सुई टोचलीच तर जखम दाबू नका, तोंडात धरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तेव्हाच्या तेव्हा सिस्टरला सांगा. एचआयव्ही टाळण्याचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं आणि ७२ तासांच्या आत ते सुरू व्हायलाच हवं, म्हणून ओरडा बसेल या भीतीने गप्प राहणं महागात पडतं. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झाले नसतील तर रुजू होतानाच मागून घ्या.

आता त्या कामाबद्दल, ज्याला वॉर्डात कुणी कौशल्य म्हणत नाही: कूस बदलणं. पडून असलेल्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी पोझिशन द्यायची. ओढत सरकवू नका, त्याने कातडी सोलवटते. दोघांनी ड्रॉशीट धरून उचला, स्वतःचे गुडघे वाकवा, कंबर वाचेल. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. कूस बदलताना माकडहाड, खुबे, टाचा, कानांच्या कडा बघा. लालसर जागा बोटाने दाबून सोडली आणि ती फिकी पडलीच नाही, तर बेडसोरची सुरुवात आहे असं धरून लगेच सांगा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहा. त्या जागी चोळू नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याबाबतच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या परिचारिकांच्या सेवेची मुद्दाम दखल घेतली. इतकी वर्षं पडून असलेल्या त्या देहाला बेडसोर होऊ दिला नव्हता. हे कूस बदलणाऱ्या हातांचं काम आहे. त्याला हलकं काम म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दुसरं कौशल्य सांगण्याचं. ‘सिस्टर, पेशंट बरा वाटत नाही,’ एवढ्याने कुणी उठत नाही. ‘पाच नंबरचे काका सकाळी माझ्याशी बोलले, आता हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, श्वास जोरात चाललाय, आणि युरोबॅगेत दुपारपासून काहीच वाढलेलं नाही,’ असं सांगा. पेशंटजवळ सर्वांत जास्त वेळ तुम्ही असता, त्यामुळे बदल पहिल्यांदा तुमच्या नजरेला पडतो. असं सांगताना अंगात हुशारी येत असेल, तर वहीत ते आवर्जून लिहा.

सीमाही ओळखा. लहान नर्सिंग होममध्ये कधी सहायकालाच इंजेक्शन द्यायला, सलाइनमध्ये औषध सोडायला सांगतात. नाही म्हणायचं. ‘सिस्टर, मला याची परवानगी नाही. तुम्ही द्या, मी शेजारी उभी राहून धरते,’ असं शांतपणे म्हणता येतं. एकदा केलंत की रोज करावं लागेल, आणि काही बिघडलं तर सही कुणाचीच नसेल.

वागणुकीचा त्रास हा जागेचा दोष असतो. एका नाइटला अख्खा वॉर्ड एकट्या सहायकावर टाकणारं रुग्णालय, ‘ए मावशी’ म्हणून खेकसणारे नातेवाईक, त्यावरून नर्सिंग वाईट ठरत नाही. मेट्रनकडे वॉर्ड बदलून मागा. आयसीयू नको असेल तर प्रसूती किंवा डायलिसिस मागून बघा. तरीही फरक पडला नाही तर रुग्णालय बदला, क्षेत्र नव्हे.

यानंतर खरी परीक्षा. आठवडाभर स्वतःच्या कामाकडे बघणं थांबवा आणि एका सिस्टरकडे बघा. तुमचं काम हा नर्सिंगचा एक तुकडा आहे. तिच्या कामात औषधांचे डोस, हँडओव्हर, डॉक्टरांना रात्री दोन वाजता फोन करण्याचा निर्णय आणि त्याची जबाबदारी येते. ते बघून तुम्हाला तसं व्हावंसं वाटतं का? पेशंटची सेवा आवडते पण औषधांच्या हिशेबाने छातीत धडधडतं, असं उत्तर आलं तरी ते मोलाचं आहे. सहायक म्हणूनच चांगलं काम करत राहणं, किंवा ओटी, डायलिसिस वा लॅब टेक्निशियनचा कोर्स करणं, यात कमीपणा नाही.

उत्तर होकारार्थी असेल तर वाट निवडा. एएनएम दोन वर्षांचं आणि मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचं, आर्ट्सवाल्यांनाही इंग्रजीसह बारावी असेल तर खुलं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी द्यावी लागते. एएनएम झालेल्यांना जीएनएमला आणि जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीला जाता येतं, त्यामुळे पैशांअभावी लहान वाट धरली तरी पुढचं दार बंद होत नाही. ‘सहा महिन्यांत नर्स बना’ म्हणणाऱ्यांच्या दारात उभंही राहू नका. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. जीडीएच्या प्रमाणपत्रावरही ती होत नाही.

फी भरण्याआधी कॉलेजला मान्यता आहे का ते परिषदेकडे तपासा. मग कॉलेजच्या गेटवर शेवटच्या वर्षाच्या मुली गाठा आणि विचारा: पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात असतं, तिथे खाटा किती, परीक्षा वेळेवर होते का, आणि कॉलेज मूळ कागदपत्रं अडकवून ठेवतं का.