ॲपवरच्या टॅक्सीचालकाच्या हातात किती उरतं?

मागच्या तासाला एकजण म्हणाला, "सर, आमच्या शेजारचे काका कॅब चालवतात, रोजचे अडीच हजार कमावतात!" लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग त्यांचा हप्ता का थकतो?" दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कशा, ते पाहू.

अडीच हजार ही ढोबळ कमाई, म्हणजे दिवसभरात प्रवाशांनी दिलेलं एकूण भाडं. आता वही काढा. (आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत.) पुण्यातला एक चालक १२ तासांत १८० किलोमीटर फिरला. कंपनीचं कमिशन २० टक्के, म्हणजे ५०० रुपये. गाडी एका किलोत २० किलोमीटर जाते, म्हणून ९ किलो सीएनजी. ८० रुपये भावाने ७२०. कर्जाचा हप्ता महिना १२,०००; गाडी २५ दिवस चालली तर रोजचे ४८०. विमा, टायर, सर्व्हिसिंग, परमिट यांचे २००. उरले ६०० रुपये. तासाला ५० पडले!

खरी मेख पुढे आहे. समजा, एखाद्या दिवशी भाडं २,००० रुपयेच मिळालं. पाचवा हिस्सा कमी झाला, एवढंच ना? पण कमिशन सोडलं तर एकही खर्च कमी होत नाही. ४०० रुपये कमिशन आणि बाकीचे १,४०० वजा करा. उरतात फक्त २००. ढोबळ कमाई २० टक्क्यांनी घटली, निव्वळ कमाई मात्र दोन तृतीयांशाने गेली. हप्ता थकतो तो असा.

रिकामं फिरणंही असंच खातं. सकाळी हिंजवडीला जाणारे खूप, परत येणारे थोडे; मग गाडी रिकामी परतते. वरच्या १८० किलोमीटरमधले ४० रिकामे किलोमीटर वाचले, तर २ किलो गॅसचे १६० रुपये सुटतात, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये दोनेक तासही! १० तासांत ७६० रुपये, म्हणजे तासाला ७६. भाडं तेवढंच, गाडी तीच. म्हणून अनुभवी चालक कुठे थांबायचं याचा फार विचार करतात.

दरही बदलतात. केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत, तर मंदीत निम्म्यापर्यंत आकारणी करता येते. गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के वाटा त्याला द्यावा, असंही त्यात आहे. म्हणजे आपण धरलेलं २० टक्के कमिशन ही तिथली वरची मर्यादा. पण गॅस, हप्ता, टायर हे सगळं त्या ८० टक्क्यांतूनच जातं, हे लक्षात ठेवा.

आता एक गणित तुमच्यासाठी. दुसरा चालक तशीच गाडी मालकाकडून रोज ८०० रुपये भाड्याने घेतो. हप्ता, विमा, दुरुस्ती मालकाकडे. गॅस आणि कमिशन चालकाकडे. भाडं २,५०० आलं तर त्याला किती उरेल? आणि २,००० आलं तर? दोन्ही उत्तरं आपल्या पहिल्या चालकाच्या शेजारी मांडून आणा.