हॉस्पिसची फेरतपासणी व्हिडिओवर चालेल, पण नर्स खाटेशी हवी

अमेरिकेत आईवडिलांचं किंवा सासूसासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढणाऱ्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. आजार आपल्या गतीने वाढला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरलं आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअरची हॉस्पिस सेवा मिळते. आधी 90 दिवसांचे दोन टप्पे, मग दर 60 दिवसांनी नूतनीकरण. 2011 पासून तिसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याआधी हॉस्पिसच्या डॉक्टरने किंवा नर्स प्रॅक्टिशनरने रुग्णाला समक्ष पाहणं सक्तीचं आहे. 2020 मध्ये, कोविडकाळात, ही भेट व्हिडिओवर घ्यायची तात्पुरती मुभा मिळाली. ती कायम व्हावी, मात्र त्या वेळी नर्स रुग्णाजवळ असावी, असं माझं ठाम मत आहे.

कारण पात्रता एका भेटीत ठरत नाही, उतरत गेलेल्या प्रकृतीच्या नोंदींवरून ठरते. दंडाचा घेर किती घटला, जेवण किती घासांवर आलं, डिमेन्शियाच्या रुग्णाचं बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं का, हे नर्स आधीपासून टिपत असते. तिने दंडाला टेप लावून आकडा कॅमेऱ्यापुढे धरला, कुशीवर वळवून पाठीची जखम दाखवली, की डॉक्टरला हवं ते बरंचसं दिसतं. उलट दूरच्या गावात डॉक्टर वेळेत पोचले नाहीत आणि भेट हुकली, तर रुग्णाचा लाभच खंडित होतो.

व्हिडिओमुळे फसवणूक फोफावेल, ही भीती खोटी नाही. लॉस एंजेलिस भागात हॉस्पिसच्या नावाखाली झालेले गैरप्रकार उघड झाले आहेत. पण मरणासन्न नसलेल्या माणसाचं नाव घुसवलं जातं ते पहिल्या नोंदणीला, आणि तेव्हा या समक्ष भेटीची अटच नसते. तिथली तपासणी कडक करा. हाताने तपासल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत, हेही खरं. म्हणून चित्र अस्पष्ट राहिलं तर डॉक्टरने घरी यायलाच हवं.

तुम्ही एवढं करा. ही मुभा सध्या लागू आहे का, ते हॉस्पिसला आधी विचारा. नुसता फोन चालत नाही. खाणं, झोप, पडणं, ताप यांची तारीखवार नोंद ठेवा. भेटीच्या दिवशी आईला खुर्चीत बसवून टवटवीत दाखवू नका. रोज जशी असते तशीच दिसू द्या. सेवा बंद होणार असल्याची नोटीस आली, तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीत तातडीचं अपील करा. प्रकृती पुन्हा ढासळली, तर नव्याने नाव नोंदवता येतं.