कळफलकावरील काटकसर

संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. पडद्यावरील चित्रांवर माउसने खूण करणे ही एक. आणि काय हवे ते अक्षरांनी लिहून आज्ञा देणे ही दुसरी. आज्ञा जेथे लिहितात त्या ओळीला ‘कमांड लाइन’ म्हणतात. ओळ लिहून एन्टरची कळ दाबली, की संगणक निमूटपणे आज्ञेबरहुकूम वागतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीच्या कार्यास आरंभ केला. त्या काळी आज्ञा टेलिटाइप नावाच्या यंत्रावर टंकीत असत आणि संगणकाचे उत्तरही तेथेच कागदावर उमटे. हे यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी, आणि त्याच्या कळा जड असत. साहजिकच आज्ञांची नावे आखूड झाली. ‘कॉपी’ या शब्दाचे काम सी व पी ही दोनच अक्षरे करू लागली.

पुढे कागद गेला, पडदा आला. परंतु श्रम वाचविण्याची दृष्टी कायम राहिली. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी रचलेला ‘बॅश’ नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध झाला. वापरणाऱ्याची आज्ञा ऐकून ती संगणकाकडून पार पाडून घेणे, हे त्याचे काम. आज लिनक्सच्या असंख्य संगणकांवर तो आढळतो. त्यातील काही युक्त्या पाहण्याजोग्या आहेत.

समजा, एका विद्यार्थिनीने लांबलचक आज्ञा लिहिली. आणि अखेरीस तिच्या ध्यानी आले, की पहिल्याच शब्दात चूक आहे. ती नवखी असेल, तर बाणाची कळ चाळीस वेळा दाबीत बसेल. जाणती असेल, तर कंट्रोलची कळ दाबून धरून ‘ए’ दाबील. कर्सर तत्काळ ओळीच्या आरंभी जाईल. चूक सुधारल्यावर कंट्रोल व ‘ई’ दाबले, की तो पुन्हा शेवटी येईल. ‘ए’ हे इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर आणि ‘ई’ हे ‘एन्ड’चे आद्याक्षर, म्हणून या जोड्या सहज लक्षात राहतात.

टॅबची कळ याहूनही उपकारक आहे. फाइलच्या नावाची पहिली काही अक्षरे लिहून ती दाबावी. तशा आरंभाचे एकच नाव असेल, तर उरलेली अक्षरे आपोआप उमटतात. अनेक नावे असतील, तर टॅब पुन्हा दाबताच त्यांची यादी दिसते. यात वेळ वाचतो, तसाच अशुद्धलेखनाचा दोषही टळतो.

वरच्या बाणाने मागील आज्ञा परत येते. कंट्रोल व ‘आर’ दाबून दोन-चार अक्षरे लिहिली, तर ती ज्यात आहेत अशी जुनी आज्ञा सापडते.

मात्र येथेच धोका आहे. त्या विद्यार्थिनीने एका फोल्डरमधील सर्व निरुपयोगी फायली पुसण्याची आज्ञा दिली. नंतर ती आपल्या निबंधांच्या फोल्डरमध्ये गेली. आता तेथील यादी पाहावी, म्हणून तिने बाण घाईघाईने दाबला आणि ओळ न वाचताच एन्टर दाबले. परत आली होती ती पुसण्याची आज्ञा! क्षणार्धात वर्षभराचे निबंध नाहीसे झाले. अशा रीतीने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. तिची दुसरी प्रत नसेल, तर ती बहुधा गेलीच. एन्टरपूर्वी शंका आली असती, तर कंट्रोल व ‘सी’ दाबून ती ओळ टाकून देता आली असती. नंतर मात्र त्या कळा गेलेले परत आणीत नाहीत.

या युक्त्या एकाच दिवशी पाठ करू नयेत. एक कळ अंगवळणी पडली, की दुसरी घ्यावी. हात चपळ झाला, की क्षण वाचतात. त्यातील एक क्षण एन्टरपूर्वी ओळ वाचण्यासाठी राखून ठेवणे, हीच खरी काटकसर होय.

स्वाध्याय

१. युनिक्समधील आज्ञांची नावे आखूड का झाली?
२. टॅबच्या कळेचे दोन लाभ सांगा.
३. विद्यार्थिनीचे निबंध कोणत्या चुकीमुळे नाहीसे झाले? ती चूक कशी टाळता आली असती?