काढलेला फोटो दाखवायचा कोणाला?

बारावीच्या निकालानंतर ‘मला फोटोग्राफी करायची आहे’ असं एखाद्या मुलाने घरात जाहीर केलं, की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कॅमेरा केवढ्याला पडेल? आणि कोर्सची डिग्री मिळते का? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण या व्यवसायात नाव काढलेल्यांची चरित्रं चाळली, तर निर्णायक ठरलेला प्रश्न तिसराच दिसतो: मुलाने काढलेले फोटो बघणार कोण? मावशीचं ‘किती गोड’ आणि इन्स्टाग्रामवरचं ‘भारी रे’ यांचा इथे काडीचा उपयोग नाही. काय चुकलं हे ज्याला कळतं आणि तोंडावर सांगायला जो कचरत नाही, असा माणूस वेळेवर भेटला की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

होमाई व्यारावाला यांना तो भेटला. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पण कॅमेरा हातात दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी, पुढे त्यांचे पती झाले त्यांनीच. बायकांच्या एका सहलीचे होमाईंचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, एका फोटोला एक रुपया या दराने. होमाई हे नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सुरुवातीचे काही फोटो माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाले. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या बाईंची सुरुवात ही अशी.

रघू राय यांची गोष्ट तर चिंताग्रस्त पालकांनी मुद्दाम वाचावी. मुलगा सिव्हिल इंजिनिअर झालेला, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने मार्गी लागलेला. थोरले भाऊ एस. पॉल दिल्लीत फोटोग्राफर होते. त्यांच्याकडे राहायला गेल्यावर धाकट्याच्या हाती कॅमेरा आला आणि त्याने एका खेड्यात गाढवाच्या पिल्लाचा फोटो काढला. तो चांगला आहे हे काढणाऱ्याला नव्हे, पॉल यांना कळलं. त्यांनी तो लंडनच्या ‘टाइम्स’कडे पाठवला आणि तिथे तो छापून आला. १९६६ पर्यंत रघू राय ‘स्टेट्समन’मध्ये रुजू झाले होते. फोटो धाकट्याचा होता हे खरं, पण तो योग्य टेबलावर पोचवण्याची अक्कल थोरल्याची होती.

थोडं आणखी मागे गेलं, तर त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके दिसतात. जे. जे. मधून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथल्या प्रा. गज्जरांनी या विद्यार्थ्याची धडपड पाहून संस्थेचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला मोकळी करून दिली. सिनेमा पुढे आला. आधी फोटोग्राफी आणि ब्लॉक-मेकिंग होतं, आणि पाठीशी एक जाणता शिक्षक होता.

घरात असा पॉल किंवा कॉलेजात असा गज्जर नसेल तर? त्यासाठीच क्लब असतात आणि ते नवं खूळ नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आत. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सदस्य होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. मद्रासची सोसायटी १८५७ ची. आज मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे, बंगळुरूची यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ पासून. अशा अनेक क्लबांना जोडणारं फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ मध्ये स्थापन झालं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतही लहानमोठे गट असतात. काही जोरात असतात, काही एकाच माणसाच्या उत्साहावर चालतात. शहरातल्या जुन्या फोटो लॅबमध्ये चौकशी केली तर पत्ता सहज लागतो, कारण स्पर्धेसाठी मोठे प्रिंट काढायला ही मंडळी तिथेच येतात.

क्लबच्या बैठकीत नेमकं होतं काय? जुन्या पद्धतीच्या बैठकीत उभ्या बोर्डावर प्रिंट लावला जातो आणि त्यावर एकच दिवा सोडतात. फोटो कोणाचा ते जाहीर करत नाहीत. परीक्षक जवळ येतो, काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे हातात घेऊन प्रिंटवर ठेवतो आणि हळूहळू आत सरकवत नेतो. डावीकडचा अर्धवट कापलेला सायकलवाला जातो. वरचं पांढरंफटक आकाश जातं. उरते दारात बसून तांदूळ निवडणारी म्हातारी आणि तिच्या सुपावर पडलेली उन्हाची तिरीप. ‘फोटो एवढाच होता. बाकीचं तुम्ही का घेतलंत?’ एवढं विचारून तो पुढच्या प्रिंटकडे वळतो. मागच्या रांगेत बसलेल्या पोराचे कान तापलेले असतात, पण पुढच्या वेळी शटर दाबण्याआधी त्याची नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरते. यूट्यूबवर अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ सगळं फुकट आणि उत्तम शिकता येतं. मात्र यूट्यूबला त्याच्या फोटोतला सायकलवाला दिसत नाही.

क्लबात वयाची सरमिसळ असते, हा दुसरा फायदा. बँकेतून निवृत्त झालेले काका, दातांच्या डॉक्टर, औद्योगिक फोटोग्राफी करणारा व्यावसायिक आणि अकरावीतली मुलगी एकाच टेबलटॉप सत्राला बसतात. खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्मोकोलचा तुकडा आणि मध्ये लोणच्याची बरणी: एवढ्या सामग्रीवर काचेवरची चमक कशी आवरायची हे तिथे शिकायला मिळतं. पुढे ई-कॉमर्सच्या कॅटलॉगसाठी याच कौशल्याचे पैसे मिळतात. जुनी लेन्स कोणाकडे विकाऊ आहे, कोणता सर्व्हिसवाला प्रामाणिक आहे, हे ज्ञान वेगळंच.

क्लबांचंही एक दुखणं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सलोन म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये निवड झाली, की पुरेशा निवडींनंतर एएफआयएपी, ईएफआयएपी अशी बिरुदं नावापुढे लावता येतात. मग काही मंडळी बिरुदासाठीच फोटो काढू लागतात. धुक्यात जाळं फेकणारा कोळी, चिलमीच्या धुरातला साधू, सोमवती अमावास्येला जेजुरीत उधळलेला भंडारा. जेजुरीच्या पायऱ्यांवर त्या दिवशी फोटोग्राफर इतके असतात, की एकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याचा कॅमेरा येतोच येतो! सलोनचा एक पक्का मसाला तयार झाला आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या कामाला फारसा येत नाही. दोन-तीन वर्षं क्लबात जरूर घासून घ्यावं, बिरुदांच्या मागे मात्र कॉलेजची वर्षं घालवू नयेत. वन्यजीवांचा नाद असेल तर आणखी एक पारख आहे. भिगवणच्या रोहित पक्ष्यांजवळ होडी किती न्यायची, घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो का काढायचा नाही, हे जो आधी शिकवतो तोच गुरू धरावा.

पोट भरण्याची विद्या क्लबात पूर्ण होत नाही. ती मिळते कामावर, कुणाच्या तरी हाताखाली. महाराष्ट्रात नवशिक्याला पहिली संधी बहुधा लग्नाच्या ऑर्डरीत मिळते आणि त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. सुरुवातीला काम म्हणजे बॅटऱ्या चार्ज करणं, लाइटचा स्टँड धरणं, भरलेली कार्डं एका खिशात आणि रिकामी दुसऱ्या खिशात ठेवणं. दोन हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हा पहिला धडा. पुढचे धडे मांडवातच मिळतात. अंतरपाट खाली येतो तो क्षण जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. अक्षता उडतात, ताशा सुरू होतो, अर्धी वऱ्हाडी मंडळी मोबाइल उंचावून मध्ये येतात, व्हिडिओवाल्याचा एलईडी थेट लेन्समध्ये मारतो. कितव्या मंगलाष्टकेला जागा धरायची, नवरीच्या मामाला न दुखावता बाजूला कसं करायचं, होमाच्या धुरात फोकस का चुकतो, हे कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेलं नाही. वर्षभर मदतनीस, मग सेकंड शूटर, मग स्वतःची ऑर्डर, हा क्रम हळू वाटतो, पण गिऱ्हाइकाचं लग्न पुन्हा होत नाही, म्हणून तो तसाच असावा.

गुरू निवडताना पालकांनी जरा रोखठोक व्हावं. ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणत वर्ष उलटलं तरी जो एक रुपया देत नाही, मदतनिसाच्या फोटोखाली स्वतःचं नाव टाकतो, किंवा कधीच एडिटिंगला शेजारी बसवत नाही, तो गुरू नव्हे, फुकटचा हमाल शोधणारा मालक आहे. ताडोबा-लडाखच्या महागड्या ‘वर्कशॉप’मध्येही बारकाईने पाहावं. परत आल्यावर फोटोंची चर्चा होत नसेल, तर ती सहल आहे आणि सहल म्हणूनच तिचे पैसे द्यावेत. मुलगी बाहेरगावच्या किंवा रात्रीच्या शूटला जाणार असेल, तर टीममध्ये कोण कोण आहे, राहण्याची सोय कुठे आहे, परतीच्या प्रवासाचं काय, हे आईवडिलांनी सरळ फोन करून विचारावं. चांगल्या फोटोग्राफरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आता डिग्री. जे. जे. उपयोजित कला संस्थेत जाहिरातकलेबरोबर फोटोग्राफी शिकवली जाते. पुण्यात भारती विद्यापीठ आणि सिम्बायोसिस यांच्या फोटोग्राफीसाठीच्या संस्था आहेत. हैदराबादच्या जेएनएएफएयूमध्ये या विषयात बीएफए आहे, उटीत २००१ पासून लाइट अँड लाइफ अकॅडमी आहे. पदवीनंतर गांधीनगरला एनआयडीचा फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम, दिल्लीत जामिया मिलियाचा डिप्लोमा किंवा सिनेमाकडे ओढा असेल तर एफटीआयआय. प्रवेशाचे नियम आणि फी दरवर्षी बदलते, तेव्हा संकेतस्थळ स्वतः पाहावं. माहितीपत्रकातल्या इमारतीपेक्षा शिकवणारे सध्या स्वतः काम करतात का आणि मागच्या तुकडीतली मुलं आज काय करतात, हे तिथे जाऊन विचारणं जास्त मोलाचं.

सगळ्यांनी पूर्णवेळ हेच शिकावं असंही नाही. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले, लिंटास या जाहिरात संस्थेत नोकरीला लागले आणि तिथल्या फोटो विभागात देशातल्या उत्तमोत्तम फोटोग्राफरांचं काम रोज त्यांच्या नजरेखालून गेलं. सिनेतारकांचे फोटो ते १९८० पासून काढू लागले. नोकरी सोडली ती १९८७ मध्ये. तोवर पगार चालू होता आणि नजर तयार होत होती. ‘आधी पदवी पूर्ण कर’ म्हणणाऱ्या बाबांच्या बाजूने याहून चांगला दाखला मिळणार नाही, आणि पोराच्या बाजूनेही!

धोके खरे आहेत. शिकागो सन-टाइम्स या दैनिकाने मे २०१३ मध्ये आपले सगळे २८ फोटोग्राफर एका फटक्यात काढून टाकले. वृत्तपत्रातली कायम नोकरी हे गृहीत धरून आज कुणी या क्षेत्रात येऊ नये. कॅटलॉगच्या साध्या फोटोंवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा घाला आहे. तग धरून आहेत ती कामं प्रत्यक्ष हजेरीची: लग्न, कारखाने, वास्तू, हॉटेलांचे पदार्थ, कार्यक्रम. त्यांतही स्वतःचा धंदा म्हणजे कोटेशन, जीएसटी आणि उधारी वसुली आलीच. ड्रोन घ्यायचा तर २०२१ चे नियम आधी वाचावेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. कॉपीराइटचंही तसंच. कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. फोटोची मालकी कोणाकडे राहील, ही दोन वाक्यं कोटेशनमध्ये घालायची सवय ज्येष्ठ मंडळी लावतात, म्हणूनही त्यांच्यात ऊठबस हवी.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर सुरुवातीला क्लबातल्या कुणाचा तरी वापरलेला डीएसएलआर आणि ५० एमएम १.८ लेन्स पुरते. फोटोही ढीगभर लागत नाहीत. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीसुद्धा पहिल्या पायरीच्या मानांकनासाठी दहाच फोटो मागते. मुलाला स्वतःचे दहा फोटो निवडायला सांगावेत, आठ बाय बाराचे प्रिंट लॅबमधून काढून आणावेत आणि क्लबच्या पुढच्या बैठकीला त्याच्याबरोबर आईने किंवा बाबांनीही जाऊन बसावं. या सगळ्याला हजार रुपयांच्या आसपास खर्च येईल. लाखभर फी भरण्याआधी तेवढा जरूर करावा.