स्थानकाच्या जमिनीखालचा कॅप्टन

कॅडेट मित्रांनो, नकाशावाचनाच्या तासाला होकायंत्र उघडण्याआधी रायफल आणि हेल्मेट दूर ठेवा, असे मी नेहमी सांगतो. जवळच्या लोखंडामुळे सुई चुकीची दिशा दाखवते. जहाजावर याच दोषाचा अभ्यास ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी केला. जहाजाच्या होकायंत्राजवळ बसवतात त्या लोखंडी दांड्याला आजही ‘फ्लिंडर्स बार’ म्हणतात. 1802-03 मध्ये त्यांनी जहाजाने ऑस्ट्रेलियाला पूर्ण फेरी मारली आणि तिचा नकाशा तयार केला.

1814 मध्ये, वयाच्या 40व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सेंट जेम्स दफनभूमीत त्यांना पुरले. 1840च्या दशकात शेजारचे यूस्टन रेल्वे स्थानक वाढवताना कबरीवरचा दगड काढला गेला आणि कबर कुठे होती हेच कोणाला सांगता येईना. ते एखाद्या फलाटाखाली असावेत, अशा दंतकथा मात्र उरल्या.

पुढे ‘हाय स्पीड 2’ या वेगवान रेल्वेसाठी यूस्टनला नवे स्थानक बांधायचे ठरले. या वेळी बांधकामाआधी पुरातत्त्वज्ञ आले. अशा कामाचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी जुने नकाशे आणि दफनाच्या नोंदी तपासतात. मग थोड्या जागेत चाचणी खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहतात. त्यानंतर माती थराथराने काढतात. प्रत्येक वस्तूची जागा, खोली आणि दिशा मोजून, छायाचित्र घेऊन मगच ती उचलतात. कारण जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते.

या दफनभूमीत हजारो शवपेट्या होत्या. अनेकींवरच्या पत्र्याच्या नामपट्ट्या गंजून गेल्या होत्या. फ्लिंडर्स यांच्या पेटीवरची पट्टी शिशाची होती. शिसे लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून अक्षरे टिकली. जानेवारी 2019 मध्ये शोध जाहीर झाला. जुलै 2024 मध्ये त्यांच्या जन्मगावी, लिंकनशायरमधील डॉनिंग्टन येथे, सन्मानाने त्यांचे पुन्हा दफन झाले.

एका स्थानकाच्या वाढीत हरवलेले नाव दुसऱ्या स्थानकाच्या कामात सापडले. फरक होता तो आधी तपासण्याचा आणि नोंद ठेवण्याचा. विकास आणि वारसा यांत एकच निवडावे लागते असे नाही. खोदकामाच्या वेळापत्रकात तपासणीचे दिवस धरावे लागतात, इतकेच. ज्यांच्या पेट्यांवरची नावे गेली, त्यांचे अवशेषही तितक्याच आदराने उचलणे हा याच शिस्तीचा भाग आहे.

आपल्यापैकी अनेक जण पुढे रस्ते, पूल, खंदक खणतील. जमिनीत जुनी नाणी, मूर्ती किंवा हाडे दिसली तर काम थांबवा, वस्तू हलवू नका, जागा खूण करून वरिष्ठांना कळवा. आपल्याकडे 1878 च्या कायद्यानेही जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.